जावयाची तंगडी

देवचंद आबांचा धाकटा जावई तंगडीवरून रुसला होता आणि त्यामुळे त्यांची धाकटी लेक सुनंदा दिवाळीपासून माहेरी बसली होती.

झालं होतं असं, की दिवाळीला दोन्ही जावई जळगावजवळ पिंप्राळ्याला आबांकडे आले होते. थोरला बन्सीलाल वरणगावचा, धाकटा पंडित सोनगीरचा. चार दिवस गोडधोड खाऊन सगळ्यांच्या तोंडाला मिठी बसली, म्हणून भाऊबीज उलटल्यावर आबांनी कोंबडं कापलं. जावयाच्या ताटात तंगडी पडली पाहिजे, ही आपल्याकडची रीत. देवाने कोंबडीला पाय दोन दिले आणि आबांना जावई दोन दिले, म्हणजे वरूनच सगळं जुळवून आलेलं होतं. पण ताटं वाढायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. झुंबरबाई आणि सुनंदा, मायलेकींनी अंधारातच वाढलं. वीज आली तेव्हा बन्सीलालच्या ताटात दोन तंगड्या होत्या आणि पंडितच्या ताटात कोंबडीची मान होती.

बन्सीलाल शांत माणूस. पुढ्यात आलेलं अन्न खाऊन टाकायचं, त्याची चौकशी करायची नाही, हा त्याचा स्वभाव. त्याने एक तंगडी अर्धी संपवलीही होती. पंडितने मात्र आपल्या ताटाकडे पाहिलं, साडूच्या ताटाकडे पाहिलं आणि हात झटकून उठला.

"आबा, मी मान मागितला होता," तो म्हणाला. "मान नव्हती मागितली."

एवढं बोलून तो चपला घालून गेला तो थेट सोनगीरला. सुनंदा पदराला हात पुसत दारात उभी राहिली. झुंबरबाई देवाची शपथ घेऊन सांगत होत्या, "मी माझ्या हातानं त्यांच्या ताटात तंगडी टाकली होती हो! तिला काय पाय फुटले?"

"तंगडीच ती," बन्सीलाल म्हणाला. "पायच असते."

आठ दिवसांनी सोनगीरहून व्याही वना नानांचा निरोप आला. "पंडितना पानवर तंगडी पडनी, ती बी साडूना समोर, तवयच सूनले लई जासूत." म्हणजे साडूसमोर तंगडी वाढाल, तेव्हाच सून नेऊ.

साध्या माणसाने दुसरं कोंबडं कापून विषय मिटवला असता. पण आबांनी सगळी नोकरी एसटीच्या ड्रायव्हरकीत काढली होती. समोरच्या गाडीने हॉर्न दिला की आपण दुप्पट जोरात द्यायचा, ही सवय निवृत्त झाल्यावरही गेली नव्हती. बहिणीचा मुलगा भटू मुंबईला एका बड्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. तो मागे एकदा सांगत होता, की साहेब लोकांचं टर्की नावाचं एक पाखरू असतं, त्याच्या एका तंगडीत अख्खं घर जेवतं. आबांना ते आठवलं. ते तडक स्टँडवर गेले आणि ओळखीच्या कंडक्टरला म्हणाले, "सोनगीरला नानांना सांगा, नाताळानंतरच्या रविवारी या. जावयाला अशी तंगडी वाढतो, की दोन हातांनी धरावी लागेल."

निरोप एसटीने निघाला. एरंडोलला तंगडी बदकाएवढी होती, पारोळ्याला बोकडाएवढी झाली आणि धुळे ओलांडून सोनगीरला पोचली तेव्हा देवचंद आबांनी शहामृग मागवला होता. वना नानांनी उलट निरोप धाडला, की मग आम्ही जीप करूनच येतो.

आता माघार नव्हती. आबांनी एसटीडी बूथवर जाऊन मुंबईला फोन लावला. लायनीत कोणी ज्वारी भाजत असल्यासारखा आवाज येत होता.

"भटू, तुझ्या हॉटेलात ते टर्की असतं ना?"

"हो मामा! आता तर नाताळ आहे. रोज दहा-वीस उडतात."

"उडतात? मग धरता कशी?"

"उडतात म्हणजे खपतात हो, मामा!"

"मग एक घेऊन ये. मोठ्यात मोठं."

"काय आणू? होल ब्रेस्ट आणू?"

आबांना इंग्रजी गॅरेजपुरतं येत होतं. होल म्हणजे भोक. आणि लायनीतल्या त्या चरचरीत भटूच्या पुढच्या शब्दातला 'र' भाजून निघाला.

"भोकबिक पडलेलं नको बाबा! बेस्ट आण."

"तेच म्हणतो मी. ब्रेस्ट!"

"हां, बेस्ट! एकदम बेस्ट! जावयाचा मामला आहे!"

"जावयाला तर ब्रेस्टच द्यायचं, मामा. साहेब लोक दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत."

आबा छाती फुगवून घरी आले. तसं पाहिलं तर तो छातीचाच दोष.

रविवारी सकाळी भटू थर्माकोलची पेटी डोक्यावर घेऊन स्टेशनावरून आला. अंगात कोट, गळ्यात मफलर. बन्सीलाल आणि थोरली लेक ताईबाई आदल्या दिवशीच वरणगावहून आले होते. सगळे पेटीभोवती जमले. भटूने झाकण काढलं, बर्फ बाजूला सारला आणि बाळंतिणीच्या मांडीवरून मूल उचलावं तसा एक पांढराफटक गोळा दोन्ही हातांनी वर काढला.

झुंबरबाईंनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला. बोटाने टकटक केलं. "हे तर पाट्यासारखं वाजतंय. आणि तंगड्या कुठे आहेत?"

"तंगड्या कशा असतील मामी? हे ब्रेस्ट आहे. छाती. अख्खी!"

झुंबरबाईंनी पेटीतला बर्फ उपसून तळ पाहिला.

"छाती?" आबा म्हणाले. "अरे, मी तुला काय सांगितलं होतं?"

"तुम्हीच तर ओरडत होता, ब्रेस्ट आण, एकदम ब्रेस्ट!"

"बेस्ट म्हणालो मी! बेस्ट!" आबांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि याच्या तंगड्या गेल्या कुठे?"

"तंगड्या हॉटेलात कोणी गिऱ्हाईक खात नाही, मामा. त्या स्टाफच्या जेवणात जातात." भटूने मान खाली घातली. "यातली एक मीच खाल्ली. परवा."

आबा भटूच्या अंगावर धावून गेले, पण मध्ये पेटी आली. जीप दुपारी जेवायला पोचणार होती. व्याही, जावई आणि सोयरीक जमवणारा झुलाल, तिघं येणार होते. त्यांच्यासमोर पाय नसलेलं पाखरू ठेवायचं, तर सुनंदाची पिशवी जन्मभर पिंप्राळ्याच्या खुंटीवर टांगलेली राहणार.

सुनंदा इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून होती. ती म्हणाली, "माझा संसार चांगला दोन पायांवर चालला होता. एका तंगडीनं आडवा केला." मग तिने पदर खोचला. "आधी हे विरघळवा. मग बघू."

विरघळवणं सोपं नव्हतं. उन्हात ठेवलं तर डिसेंबरचं ऊन, त्यात मांजर येऊन बसलं. पातेल्यात ठेवावं तर एवढं मोठं पातेलं घरात नाही. शेवटी झुंबरबाईंनी त्याला जुन्या गोधडीत गुंडाळलं आणि न्हाणीपाशी तापलेल्या बंबाला टेकवून ठेवलं. भटू शेजारी राखणीला बसला आणि अधूनमधून त्याला कुशीवर वळवू लागला.

तेवढ्यात शेजारच्या भागाबाई विरजण मागायला आल्या. गोधडी पाहून त्या थबकल्या.

"अगं बाई, हे कोणाचं बाळ?"

"मुंबईहून आणलंय," भटू म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

"रडत कसं नाही?"

"गारठलंय, मावशी."

भागाबाई कळवळल्या, घाईघाईने घरी गेल्या आणि नातवाचं लोकरी टोपडं घेऊन आल्या. झुंबरबाईंना समजावत बसायला वेळ नव्हता. त्यांनी टोपडं घेतलं आणि विरजण द्यायचं विसरल्या.

बर्फ सुटला तसा पुढचा प्रश्न आला. भटू म्हणाला, "याला ओव्हन लागतो. लोणी लावून अख्खंच भाजायचं."

"ओव्हन नाही, पण भाजायचं म्हणतोस ना?" झुंबरबाई म्हणाल्या. "मग जळगावच्या बाईला शिकवू नकोस."

परसात कपाशीच्या काड्यांचा भारा पडलेलाच होता. भरताची वांगी भाजतात तसा त्यांनी काड्यांचा जाळ केला आणि साहेब लोकांचं पाखरू त्यावर ठेवलं. वांग्यासारखंच ते तडतडलं, काळं पडलं, धुराने गल्ली भरली. भागाबाई भिंतीवरून डोकावल्या, काळा गोळा पाहिला आणि "आमचं टोपडं?" एवढंच विचारून खाली बसल्या. त्यांना पाणी द्यायला ताईबाईला पळावं लागलं.

वरून कोळसा झालं, पण मधला भाग कच्चा राहिला. मग झुंबरबाईंनी ते सोलून मांस काढलं आणि काळा मसाला घालून वाफवायला टाकलं. उरलेला हाडांचा पिंजरा रश्श्यात गेला. सुनंदाने भरीत ठेचायची लाकडी बडगी पुढे ओढली, वाफवलेलं मांस तिच्यात घातलं, वर भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणीच्या पाकळ्या टाकल्या आणि मुसळीने ठेचायला लागली. एकेका घावाला ती काहीतरी पुटपुटत होती. कोणी जवळ जाऊन ऐकलं नाही, पण पहिला घाव सोनगीरच्या नावाचा होता आणि दुसरा पिंप्राळ्याच्या, एवढं नक्की.

"भटूदादा," ती ठेचता ठेचता म्हणाली, "तुमच्या हॉटेलात हाडकाला मांस थापून काही करतात का?"

"लॉलीपॉप करतात!" भटू म्हणाला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. दुसऱ्या क्षणाला तो सायकल घेऊन खाटकाकडे निघाला. बोकडाच्या पायाच्या नळ्या घेऊन आला, त्याही चार. "बोकडाला चार असतात ना," तो म्हणाला. "आणखी दोन लागल्या तर लागल्या."

सुनंदाने नळीवर ठेचलेलं मांस थापलं, वर जाड, खाली निमुळतं. बेसनात बुडवून कढईत सोडलं. बाहेर आलं ते बघून आबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अशी तंगडी ब्रह्मदेवालाही जमली नसती.

दोन तंगड्या तळून होतात न होतात तोच गल्लीत जीपचा हॉर्न वाजला.

रामराम झाले, चहा झाला. पंडित सगळ्यांशी बोलला, पण सुनंदाकडे त्याने पाहिलं नाही. म्हणजे, ती पाहत असताना पाहिलं नाही. ताटं मांडली. वना नाना मधोमध, एका बाजूला झुलाल, दुसऱ्या बाजूला दोन्ही जावई. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या गरम पुऱ्या आल्या, रस्सा आला. मग झुंबरबाईंनी परातीतून दोन तंगड्या आणल्या आणि आधी पंडितच्या ताटात, मग बन्सीलालच्या ताटात ठेवल्या. ताटाच्या बाहेर हातभर हाड उरलं.

"आयला!" झुलाल म्हणाला. त्याने पंडितच्या ताटाकडे पाहिलं, मग नानांच्या ताटाकडे पाहिलं. सोयरीक त्याने जमवलेली, त्यामुळे मानपान तोलायची सवय. "आबा, नानाना पानवर काबरं नही? याहीले काय मान नही का?"

"अहो, पाखराला—" आबा बोलायला गेले, पण आतून झुंबरबाईंनी ऐकलंच होतं. त्या दारात येऊन डोळ्यांनीच विचारत होत्या, 'टाकू का अजून?' व्याह्याच्या समोर 'नको' कसं म्हणायचं? पाखराला पाय दोनच असतात हे त्यांच्या ध्यानात यावं म्हणून आबांनी पाठीमागे हात नेऊन दोन बोटं दाखवली.

झुंबरबाईंनी मान डोलावली. थोड्याच वेळात त्या परत आल्या आणि त्यांनी आणखी दोन तंगड्या आणल्या. एक नानांच्या ताटात वाढली, एक झुलालच्या.

झुलालने आपली तंगडी उचलली. बोलण्याआधी त्याची नजर एका ताटावरून दुसऱ्यावर फिरली आणि परत फिरली.

"आबा," तो म्हणाला, "हाई पाखरू शे का खाट?"

त्यातच बन्सीलालने आपली तंगडी दोन हातांनी धरून ओढली. नळी त्याच्या हातात आली आणि मांस ताटातच राहिलं. तो नळीकडे बघत म्हणाला, "हाड सुटं आहे."

"विलायती जात आहे, दाजी," भटू दारातून घाईने म्हणाला. "शिजली की आपोआप सुटते."

"सोय चांगली आहे," असं म्हणून बन्सीलाल पुन्हा जेवायला लागला.

आता सगळे वना नानांकडे बघत होते. नाना गावच्या यात्रेत बोकडांचे वाटे घालणारा, हाड पाहून जनावर ओळखणारा माणूस. त्यांनी आपली तंगडी उलटी करून पाहिली. नळीचं टोक पाहिलं, त्यावरचा खाटकाच्या सुऱ्याचा घाव पाहिला. मग त्यांनी मान वर केली. आतल्या दारात सुनंदा उभी होती. हाताला बेसन लागलेलं, काखेत मात्र पिशवी भरून तयार.

नानांनी तंगडीचा मोठा घास तोडला. सावकाश चावला. गिळला.

"झुलाल," ते म्हणाले, "तू कधी टर्की दखेल शे का?"

"नही, नाना."

"मंग गप ऱ्हाय. टर्कीले चारच पाय ऱ्हातस."

"चार? आन मंग पंख?"

"पाय चार शेतस, मंग पंख कसाले पाहिजे? चालत जास ती." नानांनी रश्श्याची वाटी तोंडाला लावली. मामला मिटला. सोनगीरमध्ये नाना जे म्हणतील त्यावर झुलाल बोलत नसे, आणि हे तर पिंप्राळं होतं. आबांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, तो एसटीचा ब्रेक सोडावा तसा सगळ्यांना ऐकू आला.

पंडितने पहिला घास घेतला तेव्हाच त्याला अर्धवट ठेचलेली लसणीची पाकळी लागली होती. लसूण अशी अर्धवट कोण सोडतं, हे त्याला माहीत होतं. घरी त्यावरून त्याने कितीदा कटकट केली होती. तो काही बोलला नाही. तंगडी संपवली, नळीसुद्धा चोखली, आणि पुऱ्या वाढायला आलेल्या सासूला म्हणाला, "पोट भरलं बरं का." दिवाळीपासूनचं ते त्याचं पहिलं गोड वाक्य.

जेवणं झाल्यावर नाना आबांचा दंड धरून त्यांना लिंबाखाली घेऊन गेले. आबांना वाटलं, आता खरा हिशेब सुरू होणार.

"नाना, माझं जरा चुकलं—"

"याही, आयका," नाना हळूच म्हणाले आणि जीपकडे बघून आणखी जवळ सरकले. "मना मोठा जवाई पोळापाईन रुसेल शे. तंगडीवरूनच. पोर घर बठेल शे. तुमना भटूले चार दिन सोनगीरले धाडा."

म्हणजे नानांची लेकही पोळ्यापासून माहेरी बसली होती. नानांनी नजर चुकवली नाही. "पाय कितला करता येथीन?" त्यांनी विचारलं. "त्यासना घर मानसे जास्ती शेतस."

जीप सुरू झाली. सुनंदा मागच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर. झुंबरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पंडित पुढे बसला आणि पुन्हा उतरला. "मफलर राहिला," असं म्हणत तो घरात गेला. मफलर त्याच्या गळ्यातच होता.

आबा मागोमाग गेले. जावई चुलीपाशी उभा राहून रश्श्याच्या पातेल्यात वाकून बघत होता. पळीने तळ ढवळून पाहत होता.

"काय पाहिजे, जावईबापू?"

पंडित दचकला. इकडेतिकडे बघून बन्सीलाल जवळपास नाही याची त्याने खात्री केली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, या पाखराला मान नव्हती का?"

आबांना वाटलं, दोन महिन्यांचा रुसवा आत्ता कुठे मिटला, आणि हा पुन्हा मानावर आला! की मानेवर आला? उत्तर द्यायचं तरी कोणत्या मानेचं? त्यांनी नुसतेच हात जोडले.

जावई तसाच निघून जीपमध्ये जाऊन बसला. आबा धावत मागच्या खिडकीशी गेले. "सुनंदे, ते मान म्हणत होते. आता कोणता मान राहिला गं?"

सुनंदाने पुढे बघितलं. पंडित झुलालशी पावसापाण्याचं बोलत होता. ती खिडकीतून वाकली. "तो मान नाही, आबा. ती मान. कोंबडीची. यांना तीच आवडते. घरी तंगडीला हात लावत नाहीत, मानेसाठी पोराटोरांशी भांडतात."

"मग दिवाळीत—"

"दिवाळीत वीज गेली, म्हणून मीच अंधारात तंगडी काढून दाजींना टाकली आणि मान यांना वाढली. म्हटलं, कोणाला दिसत नाही तोवर खाऊन घेतील." तिने उसासा टाकला. "मेली लाईट आली."

जीप धूळ उडवत निघून गेली. आबा घरात आले तेव्हा बन्सीलाल झोपला होता, मांजर पातेल्याजवळ बसलं होतं आणि भटू रिकामी पेटी पुसत होता.

"भटू," आबा म्हणाले, "तुझ्या हॉटेलात त्या टर्कीच्या माना कुठे जातात रे?"

"स्टाफला, मामा," भटू म्हणाला. "का?"